धुराड्यांचं घर आणि बार उडवणारं झाड

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या उत्तर भागात, सेंट पीटर परगण्यात, उसाच्या शेतांतून जाणारा रस्ता सेंट निकोलस ॲबी या वाड्यापाशी पोचतो. नावात ॲबी असली तरी इथे मठबिठ कधीच नव्हता. बेंजामिन बेरिंजर नावाच्या कर्नलने 1658 च्या सुमारास बांधलेलं हे ऊसमळ्याच्या मालकाचं घर. इंग्लंडच्या जेकोबियन शैलीचे, म्हणजे राजा पहिला जेम्स याच्या काळातल्या धाटणीचे, जे तीन वाडे अमेरिकेच्या दोन्ही खंडांत मिळून आज उभे आहेत, त्यांतला हा एक. दुसरा, ड्रॅक्स हॉल, याच बेटावर आहे आणि तिसरा व्हर्जिनियात.

समोर उभं राहून वर पाहिलं की चार कोपऱ्यांची चार धुराडी दिसतात. घरात शेकोटीसाठी जागा केलेली आहे. बेट आहे तेरा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चेन्नईच्या ओळीत. रात्रीसुद्धा पारा 20 अंशांखाली क्वचितच उतरतो. मग शेकायचं कोणी आणि कशाला? सर्वमान्य खुलासा असा, की नकाशा इंग्लंडच्या पद्धतीचा होता आणि बांधणाऱ्यांनी तो बरहुकूम उतरवला. मला हे पटतं. शोभेचा नकाशा हातात असला की हवामानाला कोण विचारतो!

जाड भिंतींचंही तसंच. दख्खनच्या पठारावर दगडी वाडा दुपारी गार लागतो, कारण रात्रीच्या गारव्यात भिंती थंड होतात आणि तो थंडावा दिवसभर पुरतो. बार्बाडोसला समुद्र चहूबाजूंनी असल्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक जेमतेम सहा-सात अंशांचा. भिंतीला थंड व्हायला सवडच मिळत नाही. अशा दमट हवेत माणसाला बरं वाटतं ते अंगावरून वारा गेला की, कारण तेव्हाच घाम सुकतो. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे इथे जवळजवळ वर्षभर वाहतात. नंतरच्या मालकांनी मोठ्या सरकत्या खिडक्या बसवल्या, पुढे ओसरी काढली. धुराडी मात्र राहिली.

भिंतींचा दगड मात्र अस्सल स्थानिक. शेजारची सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखीची, पण बार्बाडोस तसं नाही. अटलांटिकचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना समुद्रतळाचा गाळ खरवडून साचत गेला, त्याचा ढीग वर आला आणि त्यावर प्रवाळ वाढलं. बेटाचा साधारण 85 टक्के भाग प्रवाळी चुनखडीने झाकलेला आहे. जमीन अजून वर येते आहे, हजार वर्षांत सुमारे फूटभर. वाड्याजवळची चेरी ट्री हिल ही टेकडी 850 फुटांच्या आसपास उंच आहे. म्हणजे हा काही लाख वर्षांचा हिशेब झाला. किनाऱ्याकडून वर येताना पायऱ्यांसारखे टप्पे लागतात, ते एकेका काळचे प्रवाळ खडक. 1960 च्या दशकात युरेनियम-थोरियम पद्धतीने, म्हणजे खडकातलं युरेनियम किती झिजून थोरियम झालं ते मोजून, त्यांतल्या तीन टप्प्यांची वयं काढली, ती आली सुमारे 82, 105 आणि 125 हजार वर्षं. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसात होणाऱ्या बदलांमुळे हिमयुगं येतात-जातात, हे सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविच यांचं गणित तोवर वादात होतं. हे टप्पे बर्फ वितळून समुद्र चढला त्या काळांतले, आणि ते काळ त्या गणिताशी जुळले; या आकड्यांनी त्याला मोठं बळ मिळालं.

हीच चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाणी घातलं की तो विरतो, आणि भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो.

आता बागेत या. इथला एक प्रचंड सँडबॉक्स वृक्ष सुमारे चारशे वर्षांचा असल्याचं सांगतात, म्हणजे वाड्याहून थोरला. उष्ण प्रदेशात झाडाची वाढकडी दरसाल नेमाने उमटतेच असं नाही, म्हणून हा आकडा अंदाजाचाच धरावा. झाड एरंडाच्या कुळातलं, हुरा क्रेपिटान्स. बुंध्यावर काटे, चीक जहाल. मासे गुंगवायला आणि बाणांना लावायला तो वापरत. खोडाला टेकू नका, पण फळ मात्र निरखून बघा. छोट्या चपट्या भोपळ्यासारखं, पंधरा-सोळा फाकांचं. ते वाळतं तेव्हा कवचाच्या थरांतले तंतू वेगवेगळ्या दिशांना आक्रसतात. ताण साठत जातो आणि एके दिवशी पिस्तुलाचा बार काढल्यासारखा आवाज होऊन फळाच्या चिंधड्या उडतात. नाण्याएवढी चपटी बी सेकंदाला 70 मीटरपर्यंतच्या वेगाने सुटते, म्हणजे ताशी 250 किलोमीटर. माल्कम मार्शल आणि वेस हॉल यांच्या बेटावर सर्वात वेगवान गोलंदाज हे झाड आहे!

आणि फिरकीही टाकतं. बी पुढच्या दिशेला गोल फिरत जात असेल असा पूर्वी समज होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं तर ती उलटी फिरताना दिसली. या उलट्या फिरकीमुळे चकती हवेत कडेवरच तोललेली राहते, आडवी-तिडवी कोलमडत नाही, हवेचा विरोध कमी होतो आणि ती आईच्या सावलीपलीकडे जाऊन पडते.

झाडाला हे नाव कसं पडलं, तेही इथेच सांगायला हवं. टीपकागद सर्रास मिळू लागण्याआधी ओली शाई सुकवायला कागदावर बारीक वाळू भुरभुरत. हे फळ कच्चं असतानाच कापून वाळूची डबी करत. ऊसमळ्यांच्या ज्या वह्यांवर अशी वाळू पडायची, त्यांत बैलांच्या आणि कढयांच्या शेजारी गुलाम माणसांची नावं आणि किमती मांडलेल्या असत. धुराड्यांचा थाट त्यांच्या कष्टांवर उभा होता. गुलामगिरी कायद्याने 1834 साली संपली, तरी ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या, नावाखाली सक्तीचं काम 1838 पर्यंत चाललं.

मागच्या बाजूला वाफेवरचा चरक आहे, 1890 सालचा, अजून ऊस गाळतो. बहुतेक रम मळीपासून होते. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेली ती मळी. इथे रस आटवून काकवी करतात आणि तीच आंबवून रम गाळतात; उसाचा वास त्यामुळे जास्त टिकतो. काकवी म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला समजावायला नको. गाळप पाहायचं तर साधारण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जावं. वाफेच्या इंजिनाची छोटी आगगाडीही चेरी ट्री हिलपर्यंत फिरवून आणते. तिथे चेरी शोधू नका. रस्त्याच्या दुतर्फा आहे ती महोगनी, आणि तीही बाहेरून आणून लावलेली.