एमआरआय : एका धक्क्याला एकच ओळ

सीटी स्कॅन काही सेकंदांत उरकतो, मग एमआरआयला अर्धा तास का लागतो? या प्रश्नाची उत्तरं लोक फार आत्मविश्वासाने देतात. ‘मशीन जुनं असेल.’ ‘काहीतरी गंभीर दिसलं असेल, म्हणून परत परत बघत असतील.’ आणि सगळ्यांत लाडकं उत्तर, ‘तेवढा वेळ अंगात रेडिएशन जात असतं.’ हे शेवटचं आधी निकालात काढू. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. तिथे असतं जबरदस्त चुंबक आणि रेडिओ लहरी. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यंत्रात या लहरींची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली. वेळ जातो तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं.

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर. त्याचे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेने डोलतात. क्षेत्र जास्त तर वारंवारता जास्त. रेडिओ लहरींचा एक धक्का दिला की ते एका लयीत येतात आणि त्यांचा क्षीण संदेश कॉइल, म्हणजे शरीराजवळ ठेवलेला अँटेना, पकडते. पंचाईत अशी, की शरीराच्या निवडलेल्या अख्ख्या कापातून, म्हणजे पातळ चकतीतून, हा संदेश एकत्रच येतो. त्यातला कानामागचा किती आणि कपाळाचा किती, हे ओळखायचं कसं?

आडव्या दिशेचं कोडं लवकर सुटतं. संदेश ऐकताना चुंबकीय क्षेत्र डावीकडून उजवीकडे किंचित चढतं ठेवायचं. मग प्रत्येक उभ्या रकान्याची वारंवारता वेगळी होते आणि फूरियरच्या गणिताने ती सुटी करता येते. काम काही मिलिसेकंदांचं.

उभ्या दिशेला हीच युक्ती त्याच वेळी वापरली तर? क्षेत्र नुसतं तिरकं चढेल आणि त्या तिरक्या रेषेला काटकोनात असलेल्या सगळ्या जागांना एकच वारंवारता मिळेल. म्हणून संदेश ऐकण्याआधी उभा ग्रेडियंट, म्हणजे क्षेत्राचा उभ्या दिशेतला चढ, क्षणभर लावतात आणि बंद करतात. तेवढ्यात वरचे प्रोटॉन डोलण्यात थोडे पुढे जातात, खालचे मागे पडतात. ग्रेडियंट बंद झाल्यावर सगळ्यांचा वेग पुन्हा सारखा होतो, पण मधलं अंतर, म्हणजे फेजमधला फरक, तसाच राहतो.

आता एका रकान्यात २५६ ठिकाणं असतील, तर त्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज हाती येते. शाळेतलं बीजगणित आठवा: दोन अज्ञात असतील तर समीकरणंही दोन लागतात. इथे अज्ञात २५६. म्हणून उभ्या ग्रेडियंटचा जोर दर वेळी थोडा बदलून अख्खा प्रयोग २५६ वेळा करायचा. १९८० साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या गटाने ‘स्पिन-वॉर्प’ नावाने ही पद्धत मांडली आणि आजही बहुतेक स्कॅन तिच्याच पायावर चालतात. एका धक्क्याला एक ओळ. ही चित्रातली ओळ नव्हे बरं का. ती ‘के-स्पेस’ नावाच्या तक्त्यातली ओळ आहे आणि अशा प्रत्येक ओळीत पूर्ण चित्राचा अंश असतो. मधल्या ओळी ढोबळ आकार आणि काळा-पांढरा फरक ठरवतात, कडेच्या ओळी बारकावे देतात. त्यामुळे मध्येच एकदा खोकला आला तरी डाग एका जागी पडत नाही; चित्रभर भुतासारख्या सावल्या उमटतात. ही ‘भुतं’ दिसायला मात्र शांत झोपलेल्या माणसाने हलावं लागतं, अमावास्या लागत नाही.

दोन धक्क्यांमधल्या काळाला टीआर म्हणतात. तंत्रज्ञाचा हिशेब साधा: टीआर गुणिले ओळी गुणिले आवर्तनं, म्हणजे तेच मोजमाप किती वेळा घेतलं ते. टी-२ चित्रासाठी (यात पाणी उजळ दिसतं) टीआर अडीच सेकंद आणि आवर्तन एकच धरलं, तर २५६ ओळींना १० मिनिटं ४० सेकंद लागतात. टीआर कमी करावा, तर प्रोटॉन पूर्वस्थितीला येत नाहीत. मेंदूभोवतीच्या पाण्याला त्यासाठी कित्येक सेकंद लागतात. चित्र खरखरीत आलं म्हणून आवर्तनं दुप्पट केली, तर वेळ दुप्पट होतो आणि स्वच्छता जेमतेम १.४ पट वाढते. हा सौदा महागाचाच.

सुदैवाने टीआरचा बराचसा काळ रिकामा असतो. एका कापाचे प्रोटॉन सावरत असताना यंत्र शेजारच्या कापांना धक्के देत राहतं. म्हणून २० काप घ्यायला एका कापाच्या वीसपट वेळ लागत नाही.

मोठी झेप १९८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये युर्गेन हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘रेअर’ पद्धतीने घेतली गेली. एकाच धक्क्यानंतर प्रतिध्वनींची, म्हणजे विरलेला संदेश पुन्हा पुन्हा जागा करून मिळणाऱ्या संदेशांची, मालिका मिळवायची आणि प्रत्येक प्रतिध्वनीवर वेगळी ओळ भरायची. १६ प्रतिध्वनी घेतले की १० मिनिटं ४० सेकंदांचं काम ४० सेकंदांवर येतं. मात्र मालिकेतले शेवटचे प्रतिध्वनी क्षीण असतात, त्यामुळे बारकावे थोडे पुसट होतात. रेडिओ लहरींचे धक्के वाढल्याने शरीर जरा जास्त तापतं, त्यावर मर्यादा पाळावी लागते. आणि लांब मालिकेमुळे टीआरमधली रिकामी जागा घटून काप कमी बसतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांच्या इपीआय (इको प्लेनर इमेजिंग) पद्धतीत तर सगळ्या ओळी एकाच धक्क्यात भरता येतात. काप एक दशांश सेकंदात मिळतो, पण नाकाच्या पोकळ्यांजवळ चित्र वेडंवाकडं होतं. पक्षाघाताच्या तपासणीत ही तडजोड खुशाल केली जाते.

अनेक कॉइल एकदम वापरल्या तर निम्म्या ओळी गाळून उरलेलं गणिताने भरता येतं, तिथेही स्वच्छता घटते. हल्लीच्या ‘एआयने पाच मिनिटांत एमआरआय’ या जाहिराती निव्वळ थाप नाहीत. कमी ओळींतून नितळ चित्र खरंच काढता येतं. फक्त जी ओळ मोजलीच नाही, तिथला तपशील हा अंदाज असतो, आणि एखादी बारीकशी गाठ त्या अंदाजात हरवली तर चित्राच्या सुबकपणावरून ते ओळखू येणार नाही.