भोंगा वाजला की आधी खिडक्या

अणुवीज केंद्रात अपघात झाला की मिळेल त्या वाहनात बसून पळत सुटायचं, असा समज सर्रास आढळतो. त्याच्या मुळाशी आणखी एक गैरसमज असतो: अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटते. तसं होत नाही. बहुतेक भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ चं प्रमाण ३ ते ५ टक्के असतं, बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास लागतं. खरा धोका असतो वाऱ्याबरोबर वाहत येणाऱ्या किरणोत्सारी वायूंचा आणि सूक्ष्म कणांचा. त्यामुळे घरच्यांपुढचा पहिला प्रश्न वेळेचा आहे. हा लोट येण्याआधी बाहेर पडता येईल का?

येत असेल तर निघावं. येत नसेल तर घरातच थांबणं बरं, कारण गाडीचा पत्रा गॅमा किरण (किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे भेदक किरण) फारसे अडवत नाही आणि चालत्या गाडीत बाहेरची हवा शिरतच राहते. डोक्यावरून जाणाऱ्या लोटातून शरीराला मिळणारी गॅमा किरणांची मात्रा उघड्यावर १०० धरली, तर लाकडी घरात सुमारे ९०, विटांच्या घरात ६०, त्याच घराच्या तळघरात ४० आणि मोठ्या इमारतीच्या आतल्या भागात २० किंवा त्याहून कमी पोहोचते. गॅमा किरण अडतात ते वस्तुमानानं. म्हणून 'किरणोत्सर्गरोधक' म्हणून विकले जाणारे स्टिकर आणि पातळ लेप म्हणजे निव्वळ फसवणूक आहे.

श्वासाचं गणित मात्र याहून रंजक आहे. दारं-खिडक्या बंद केल्या तरी फटींमधून हवा ये-जा करतेच. समजा, दर तासाला घरातली निम्म्या घराएवढी हवा बदलते. लोट तासभर टिकला, तर तासाअखेरीस आतली हवा बाहेरच्या ३९ टक्के दूषित होते. त्या तासात श्वासातून जाणारी मात्रा बाहेर उभं राहिल्याच्या जेमतेम २१ टक्के भरते. आता लोट पुढे गेला. बाहेरची हवा निवळली, पण आत शिरलेली दूषित हवा त्याच फटींतून हळूहळूच बाहेर पडणार. खिडक्या तशाच बंद ठेवल्या, तर उरलेली ७९ टक्के मात्रा पुढच्या तासांत शरीरात जाते आणि बेरीज बाहेर उभं राहिल्याइतकीच होते! प्रत्यक्षात काही कण फटींत आणि भिंतींवर अडकतात, त्यामुळे चित्र थोडं बरं असतं. न अडकणाऱ्या वायूंना मात्र हे गणित तंतोतंत लागू पडतं. म्हणून लोट सरल्याची अधिकृत सूचना येताच सगळं सताड उघडायचं. लोट चार तास टिकला, तर आतली हवा बाहेरच्या ८६ टक्क्यांवर जाते. घरात थांबण्याचा उपाय काही तासांपुरताच का, ते यावरून कळतं.

तेव्हा भोंगा वाजला की खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा, मधल्या खोलीत बसा आणि बॅटरीवरचा रेडिओ लावा. तोवर पिशवी भरून होते: आठवडाभराची नेहमीची औषधं, कागदपत्रं, रोख रक्कम, पाणी, बाळाचा आहार, कपड्यांचा एकेक जोड. निघायचा आदेश आला की गॅस आणि मेन स्विच बंद करायचा. एका घरानं एकच गाडी काढावी. रस्ते तुंबतात ते गाड्यांच्या संख्येमुळे. गाडीच्या काचा वर, एसी आतलीच हवा फिरवण्यावर. मुलांना आणायला शाळेत धावू नये. नियोजनानुसार शाळा त्यांना थेट ठरलेल्या निवारा केंद्रावर नेते आणि तुम्ही उलट दिशेनं निघालात तर चुकामूक होते.

दिशा स्वतःच्या अंदाजानं ठरवू नका. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा जवळच्या नामिए गावातले बरेच रहिवासी वायव्येकडच्या त्सुशिमा भागात गेले आणि लोट नेमका तिकडेच वळला. लोटाच्या दिशेचे संगणकी अंदाज तयार होते, ते या लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. हा दोष गावकऱ्यांचा मुळीच नव्हता. त्याच अपघातात रुग्णालयांतल्या वृद्ध रुग्णांना घाईनं, उपचारांच्या सोयीविना हलवल्यानं अनेकांचा जीव गेला. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यांची नोंद प्रशासनाकडे आधीच करून ठेवा.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीननं भरून टाकते, मग किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५. लोट येण्याआधीच्या २४ तासांत किंवा आल्यावर २ तासांच्या आत घेतली तर उत्तम; आठ तासांपर्यंतही उपयोग होतो. सांगितल्याशिवाय घेऊ नये. लोटातल्या सीझियमसारख्या इतर किरणोत्सारी पदार्थांवर तिचा काहीही परिणाम होत नाही. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांवर झुंबड केली होती. पण गोळीतल्या १०० मिलिग्रॅम आयोडीनसाठी असं मीठ काही किलो खावं लागेल! जखमेवर लावायचं आयोडीन प्यायलं तर विषबाधा होते.

लोटातून बाहेर पडला असाल, तर ठिकाणी पोहोचताच वरचे कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. अंगावरचे ९० टक्क्यांपर्यंत कण तेवढ्यानंच जातात. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. कोमट पाणी आणि साबण वापरा, त्वचा घासू नका, केसांना कंडिशनर लावू नका, कारण त्यानं कण केसांना चिकटून बसतात. बाधित भागातलं ताजं दूध मुलांना देऊ नका. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर मुलांमध्ये जे थायरॉईड कर्करोग वाढले, त्यांचं मुख्य कारण दूषित गवत खाल्लेल्या गाईंचं दूध हेच होतं. अशा दुधातल्या किरणोत्सारी आयोडीनचा, म्हणजे आयोडीन-१३१ चा, अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवसांचा आहे, त्यामुळे ८० दिवसांत ते सुमारे हजारांश उरतं.