ॲक्टिव्हेटर आधी काय बंद करायला लावतो?

मावशीचा लॅपटॉप फार हळू चालत होता, म्हणून मी तो उघडून बसलो. सहज एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही ही कमांड दिली. विंडोजचा परवाना कुठून आलाय, हे ती सांगते. उत्तरात केएमएस सर्व्हर (परवाने वाटणारा संगणक), पोर्ट 1688 (जोडणीच्या दाराचा क्रमांक) आणि कुठलातरी अनोळखी पत्ता दिसला. दुकानदाराने फॉरमॅट मारून ‘विंडोज टाकून’ दिलं होतं, ते असं: ॲक्टिव्हेटर वापरून, म्हणजे विकत न घेतलेलं विंडोज परवाना असल्यासारखं चालू करणाऱ्या साधनाने.

मोठ्या संस्थेत प्रत्येक संगणकाला परवान्याची वेगळी की (क्रमांक) घालत बसणं जिकिरीचं असतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने केएमएसची सोय केली. संस्थेतलाच एक सर्व्हर बाकीच्यांना परवाने देतो. विंडोजसाठी त्याच्याकडे किमान 25 संगणक यावे लागतात. परवाना 180 दिवस टिकतो आणि संगणक दर 7 दिवसांनी तो वाढवून मागतो. ॲक्टिव्हेटर याच सर्व्हरचं सोंग घेतो. काही जण ते सोंग आपल्याच संगणकात वठवतात, तर काही इंटरनेटवरच्या कुणाच्यातरी सर्व्हरशी गाठ घालून देतात. मावशीच्या बाबतीत हा दुसरा प्रकार होता.

यात खासगीपणाचं काय होतं? परवाना मागताना संगणक स्वतःचं नाव आणि ओळखक्रमांक पाठवतो. आयपी पत्ता तर कळतोच. मावशीच्या लॅपटॉपचं नाव म्हणजे तिचं नाव-आडनाव होतं. दर आठवड्याला ते एका अनोळखी माणसाच्या दारात जात होतं. ऑफिसात हाच प्रकार केला, तर बाहेर जाणारी 1688 पोर्टवरची वर्दळ फायरवॉलच्या नोंदीत दिसते. म्हणजे लपून काहीच राहत नाही.

पण मला खरी भीती वाटते ती याच्या आधीच्या पायरीची. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, अशा साधनांना ‘हॅकटूल’ म्हणून ओळखतो आणि अडवतो. मग सोबतच्या सूचनांत लिहिलेलं असतं: अँटिव्हायरस बंद करा, ॲडमिन म्हणून चालवा. माणूस निमूटपणे तसं करतो. चोराला याहून जास्त काय हवं? राखणदाराला आपणच घरी पाठवलं आणि किल्ल्यांचा जुडगाही हातात दिला.

केएमएसऑटो नावाच्या ॲक्टिव्हेटरमध्ये घातलेल्या मालवेअरचा (घातक सॉफ्टवेअरचा) छडा दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी लावला. 2020 ते 2023 या काळात ते जगभर सुमारे 28 लाख वेळा डाउनलोड झालं होतं. त्याचं काम एवढंच: तुम्ही पैसे पाठवायला क्रिप्टो वॉलेटचा (बिटकॉइनसारख्या चलनाच्या खात्याचा) पत्ता कॉपी केला की पेस्ट करताना त्या जागी चोराचा पत्ता घालायचा. अक्षरांची ती लांबलचक माळ कोण ताडून पाहतं? पैसे गेले, तेही स्वतःच्या हाताने बटण दाबून. आरोपी लिथुआनियाचा, तो जॉर्जियात पकडला गेला. युक्रेनमध्येही अशाच बनावट ॲक्टिव्हेटरमधून हेरगिरीचं सॉफ्टवेअर पसरवलं गेलं. त्यामागे रशियाचा सँडवर्म हा हॅकर गट असल्याचं 2025 मध्ये सुरक्षा संशोधकांनी मांडलं.

कायद्याचंही सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब नुसार, जाणूनबुजून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हा आहे. पैसे नसतील तर ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं. कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात आणि वॉलपेपरसारख्या सोयी बंद राहतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि त्यात मराठी उत्तम टाइप होतं.

मावशीच्या डिफेंडरमध्ये मी ‘यांना तपासू नका’ची यादी उघडली. तिथे एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. तिचे फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर घेऊन तपासले, लॅपटॉप कोरा केला आणि माझ्या फोनवरून तिच्या बँकेचा, ईमेलचा पासवर्ड बदलला.