उचल फिटली, फड सुटेना

शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या हॉटेलात दोन चहा आणि मधे अठरा पानांचा करार. समोरचे गृहस्थ सिंहगड रस्त्याला राहतात, मूळचे जुन्नरकडचे. मुलगा सतरा वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज, क्लबकडून बरा खेळतो. एका स्पोर्ट्स मॅनेजमेंट कंपनीला त्याला ‘साइन’ करायचंय. बॅट, बूट, किटबॅग फुकट, शिवाय वर्षाला थोडे पैसे. सगळा मजकूर इंग्रजीत. त्यांनी एकाच ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून आणली होती. करार संपल्यावर दुसरी एजन्सी आली, तर तिने देऊ केलेली रक्कम आधी या कंपनीला कळवायची, आणि कंपनीने तेवढीच दिली तर तिच्याकडेच राहायचं, असा त्या ओळीचा अर्थ मी सांगितला.

“म्हणजे उचल फिटली तरी फड सोडायचा नाही,” ते म्हणाले.

स्पोर्ट्स मार्केटिंगच्या वर्गात हे इतक्या थोडक्यात कोणी शिकवत असेल असं वाटत नाही. एजंट, ब्रँड, एंडॉर्समेंट हे शब्द आपल्याकडे टीव्हीबरोबर आले असं आपण धरून चालतो. खरं तर कलावंताला किंवा खेळाडूला बांधून घेणारा माणूस पुणे जिल्ह्यात फार जुना आहे, आणि त्याच्याशी चाललेलं भांडणही तितकंच जुनं.

नारायणगावचंच बघा. चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या तोंडावर तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं राहुटी ते राहुटी हिंडतात, कोणाकडे नवा वग आहे, कोणाची गाणारी चांगली आहे ते विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. बयाणा दिला की तारीख पक्की. हा झाला फड आणि गाव यांच्यातला व्यवहार. फड आणि कलावंत यांच्यातला व्यवहार मात्र उचलीवर चालतो. हंगामाआधी फडमालक कलावंताला एकरकमी पैसे देतो, त्यात कोणाचं लग्न उरकतं, कोणाच्या घरावर पत्रे पडतात, आणि ती रक्कम हंगामभर नाचून-गाऊन फेडायची. मधेच दुसऱ्या फडात जायचं, तर नव्या मालकाने जुन्याची उचल चुकवायची. युरोपातल्या फुटबॉलमध्ये याच गोष्टीला ट्रान्सफर फी म्हणतात आणि तिच्या बातम्या पहिल्या पानावर येतात.

कुस्तीत हे काम वस्तादाकडे असे. कोणत्या मैदानात कोणाशी जोड लावायची, कोणती टाळायची, इनामाची रक्कम पुरेशी आहे का, हे तालमीत ठरायचं. पैलवानाने फक्त लढायचं. वस्ताद टक्केवारी घेत नसे, पण त्याच्या शब्दाबाहेर जायची सोयही नसे.

क्रिकेटमध्ये तर सुरुवातीला एवढंही संरक्षण नव्हतं. पुण्याच्या युरोपियन क्लबात पळवणकर बाळू १८९० च्या दशकात खेळपट्टीची देखभाल करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. पगार महिना ४ रुपये. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज बाळूंनी आपल्याला बाद केलं की दर वेळी ८ आणे देई, अशी आख्यायिका सांगतात. खरी असेल तर कामगिरीवर आधारित मोबदल्याचं आपल्याकडचं हे फार जुनं उदाहरण म्हणावं लागेल. देशातला उत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज आणि त्याच्या हातात कागदाचा कपटाही नाही.

कागद आधी आला तो नाटकात, पण त्याहीआधी कायद्याची दोन कलमं येऊन बसली होती, आणि पुढची सगळी कथा त्या दोन कलमांमधल्या ओढाताणीची आहे. पहिलं १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७. कोणालाही आपला कायदेशीर धंदा, पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते सांगतं. दुसरं १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातलं, म्हणजे करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याबाबतच्या ‘स्पेसिफिक रिलीफ’ कायद्यातलं, कलम ५७. त्याचं मूळ लंडनमधल्या १८५२ च्या एका खटल्यात आहे. योहाना वाग्नर ही ऑपेरा गायिका लम्ले नावाच्या थिएटरवाल्याशी करार करून जास्त पैशांसाठी प्रतिस्पर्ध्याकडे निघाली होती. न्यायालय म्हणालं, तिला लम्लेकडे गायला लावणं आमच्या हातात नाही, पण कराराच्या मुदतीत दुसरीकडे गाऊ नकोस, एवढं आम्ही सांगू शकतो. हाच नियम आपल्या कायद्यात आला, आणि तोही गायकाचंच उदाहरण देऊन: बारा महिने अमुक थिएटरात गाईन, इतरत्र गाणार नाही, असा करार केलेला गायक. मजा अशी की अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक पुण्यात रंगमंचावर आलं ते १८८० मध्ये. आपला गाणारा नट जन्माला यायच्या तीन वर्षं आधी त्याला बांधायची दोरी तयार होती.

नाटक मंडळ्यांनी ती कोर्टातून फारशी वापरली नाही. तिथे भांडणं बिऱ्हाडातच मिटायची किंवा फाटायची. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बिनीचा नट पगारदार असावा की मालक, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता असा सोडवला. मालक होणं बालगंधर्वांना पुढे किती महाग पडलं, ते कर्जाचे आकडे मराठी माणसाला पाठ आहेत. बालगंधर्वांची नेसण, दागिने, केशभूषा पाहून घरोघरच्या बायका तशीच हौस करत. आज असा नट असता तर साडीच्या प्रत्येक दुकानाकडून त्याच्या एजंटने पैसे मागितले असते. तेव्हा नटाचं दिसणं ही विकायची वस्तू आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे. स्टुडिओचा जमाना म्हणजे मासिक पगार, ठरावीक वर्षांचा करार आणि बाहेर काम करायचं नाही. गुरुदत्त, देव आनंद पुढे याच फाटकातून कराराने आत आले. याच फाटकात जुलै १९३९ मध्ये शांता आपटे उपोषणाला बसल्या.

त्या तेव्हा प्रभातच्या सर्वांत मोठ्या नायिका होत्या. ‘कुंकू’तली नीरा सबंध देशाने पाहिली होती. वाद करार आणि पैशांचा. आपण कोर्टात जाऊ, वकील लावू, तारखा घेऊ. त्या फाटकाशी बसल्या. वर्तमानपत्रांना ते चमत्कारिक वाटलं. नटीने सत्याग्रहाचं हत्यार मालकावर उपसावं, हे अनेकांना रुचलं नाही. मला स्वतःला भारतीय करमणूक धंद्यातल्या करारांच्या इतिहासात यापेक्षा बोलकं चित्र आठवत नाही. देशाच्या पातळीवरची नायिका, आणि तिच्या बाजूने बोलायला ना एजंट, ना संघटना. पुढच्याच वर्षी त्यांनी चित्रपटधंद्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात नटनट्यांच्या स्थितीबद्दल जे मांडलं, ते आजही कोणाही नवख्या मुलीच्या हातात द्यावं असं आहे.

स्टुडिओ मोडले तसा कलावंत मोकळा झाला, आणि त्याच्या तारखा सांभाळायला सेक्रेटरी नावाचा प्राणी अवतरला. हिंदी चित्रपटातला एजंट तो हाच. मराठी नाटकात पगार जाऊन ‘नाईट’ आली, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, आणि बालगंधर्व रंगमंदिराची तारीख ज्याच्या हातात तो मोठा माणूस झाला. गीतकार-संगीतकारांची गत निराळी. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे हक्क निर्मात्याच्या पदरात टाकले. ते दुरुस्त करून त्यांचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही असा करायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली.

खेळात खरा एजंट उशिरा आला. अमेरिकेत मार्क मॅकॉर्मॅकने १९६० मध्ये गोल्फपटू आर्नल्ड पामरचं काम हातात घेऊन हा धंदाच उभा केला होता. आपल्याकडे गावसकरांनी १९८५ मध्ये सुमेध शहांबरोबर पीएमजी ही खेळाडूंचं काम पाहणारी कंपनी काढली. तरी सामान्य माणसाला हा धंदा समजला तो १९९५ मध्ये, वर्ल्डटेलच्या मार्क मस्कारेन्हास यांनी तेंडुलकरशी पाच वर्षांचा, सुमारे ३० कोटींचा करार केला तेव्हा. एका खेळाडूचं नाव आगाऊ विकत घ्यायचं आणि मग ते तुकड्या-तुकड्यांनी कंपन्यांना विकायचं. उचलच ती, फक्त शून्यं जास्त.

नाव विकलं गेलं की त्या नावावर दोघा-तिघांचा दावा येतो. १९९६ च्या विश्वचषकात अधिकृत शीतपेय कोका-कोला होतं आणि पेप्सीने आपण अधिकृत नसल्याचीच जाहिरात करून बाजी मारली. ती जखम लक्षात ठेवून आयसीसीने २००२ मध्ये खेळाडूंपुढे करार ठेवला: स्पर्धेच्या आगेमागे आमच्या प्रायोजकांशी टक्कर होणाऱ्या जाहिराती करायच्या नाहीत. भारतीय खेळाडू अडून बसले, कारण त्यांची नावं आधीच दुसऱ्यांना विकलेली होती. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात आयसीसीला सुनावलं की प्रसिद्धीचा हक्क माणसाला असतो, स्पर्धेला नव्हे.

आता पेन्सिलच्या रेघेकडे. श्रीरामपूरच्या झहीर खानने ऑक्टोबर २००० मध्ये परसेप्ट डी’मार्क या एजन्सीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात नेमकी तीच अट: मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा देकार आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढे दिले तर आमच्याकडेच राहा. मुदत संपली, झहीर दुसऱ्या एजन्सीकडे गेला. परसेप्टला उच्च न्यायालयात आधी मनाई हुकूम मिळाला, मग खंडपीठाने तो उठवला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची बाजू घेतली. टप्पा अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा होता, पण म्हणणं स्वच्छ होतं. मुदत चालू असताना दुसरीकडे जाऊ नकोस असं बांधता येतं. हे १९६७ मध्ये निरंजन गोलिकरी या नोकरदाराच्या खटल्यात आधीच ठरलं होतं. मुदत संपल्यानंतरचं बंधन मात्र कलम २७ मध्ये अडकतं. शिवाय एजंट आणि खेळाडू यांचं नातं विश्वासाचं, ते न्यायालय जबरदस्तीने जोडून देणार नाही. वाग्नरबाईंचा नियम एका बाजूला, १८७२ चं कलम दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक डावखुरा वेगवान गोलंदाज.

एवढा स्पष्ट निकाल असूनही ती अट करारांत अजून येतेच. का येते? कारण सतरा वर्षांचा मुलगा सर्वोच्च न्यायालयात जात नाही. तो घाबरून सही करतो, घाबरूनच राहतो, आणि अट वापरावीच लागत नाही.

नावाचा व्यवहार इमारतींपर्यंत पोचलेला पुण्याने जवळून पाहिलाय. गहुंज्याचं स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर सुब्रत रॉय सहारांचं नाव होतं. ठरलेले पैसे थकल्यावरून पुढे ते उतरलं, आणि सहाराची पुणे वॉरियर्सही २०१३ मध्ये आयपीएलमधून गेली. द्रुतगती मार्गावरून जाताना मला कायम तीच पाटी आठवते. बांधकाम तेच, गवत तेच, फक्त नावाचा करार फसला.

आणि आवाज? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगचा आवाज यंत्राकडून नकलणाऱ्यांना रोखलं. आता करारात ‘प्रतिमा, आवाज, सही व त्यांची कोणत्याही तंत्राने केलेली प्रतिकृती’ असं वाक्य येतं. त्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द कुठे दडलाय ते आधी शोधावं. जाहिरातीत झळकणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे: २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्याला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उद्या हा मुलगा एखाद्या पावडरीची शिफारस करणार असेल, तर त्या दंडाची भरपाई कोण करणार, हे अठरा पानांत कुठेच नव्हतं.

तेवढ्यात गृहस्थांनी विचारलं, मुलाच्या वतीने मी सही केली तर चालेल ना? कंपनीने सांगितलं होतं, चालेल. १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हे प्रकरण आलं होतं. अल्पवयीन मुलगी, चित्रपटात काम देण्याचा करार, बोलणी वडिलांनी केलेली. निर्मात्याने काम काढून घेतल्यावर ती भरपाई मागायला गेली, तर न्यायालयाने सांगितलं की मुलीने केला असेल तर करार मुळात शून्य, आणि वडिलांनी केला असेल तरी तो टिकत नाही, कारण अल्पवयीनाच्या वचनाला मोबदल्याची किंमत नाही. अल्पवयीनाचा करार बांधत नाही, हे खरं. पण तो वाचवतही नाही.

त्यांनी करार घडी घालून पिशवीत टाकला, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि कंपनीला फोन करून सही पुढे ढकलली. मुलगा मार्चमध्ये अठरा पूर्ण करतो. तोवर बॅट जुनीच.