पडद्यावर पळालाय, फरशीवर पडालाय

"सर, पडद्यावर पळालाय, फरशीवर पडालाय."

जुलैच्या पावसात भिजत बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपात आलेल्या पोरानं एवढंच सांगितलं आणि पिशवीतून दीड फुटी रोबो बाहेर काढला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला फुटबॉल खेळणारा रोबो. लॅपटॉपवर तो डौलात धावत गोल मारत होता. माझ्या फरशीवर तिसऱ्याच पावलाला तोंडावर आपटला.

असे रोबो गोल मारतानाचा एक व्हिडिओ त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फिरत होता. खाली लिहिलेलं, 'रोबो आपले आपण फुटबॉल शिकले!' शिकले, हे खरं. पण कुठे शिकले, ते कुणी लिहीत नाही. ते शिकतात सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत रचलेल्या खोट्या मैदानावर. खरा रोबो हजार वेळा पडला तर त्याचे गिअर जातात. खोटा कोटी वेळा पडला तरी विजेचं बिल तेवढं येतं.

रोबोंची जागतिक फुटबॉल स्पर्धा, रोबोकप, १९९७ साली जपानात नागोयाला सुरू झाली. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं, हे तिचं ध्येय. तिच्या एका गटात रोबोच नसतात. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान, अकरा-अकरा खेळाडू, सगळं कॉम्प्युटरमध्ये. तिथे वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या टप्प्यांनी सरकते आणि ६००० टप्प्यांत सामना संपतो. डावपेच शिकायला हे उत्तम, कारण खेळाडू तिथे पाय नसलेली वर्तुळं असतात. पाय आले की भानगड सुरू होते.

माझा जीव या पायातच अडकलाय, म्हणून जरा थांबतो.

पाऊल जमिनीला टेकतं, म्हणजे नेमकं काय होतं? निसर्गाला काही मोजावं लागत नाही. कॉम्प्युटर मात्र सिनेमाच्या रिळासारखा चित्राचित्रानं पुढे जातो. समजा दर ५ मिलिसेकंदाला एक चित्र. पाऊल सेकंदाला १ मीटर वेगानं खाली येतंय. एका चित्रात ते जमिनीला जेमतेम लागलेलं, पुढच्या चित्रात ५ मिलिमीटर जमिनीच्या आत! आता त्याला बाहेर काढायचं कसं? सोपा उपाय म्हणजे जमिनीत एक काल्पनिक स्प्रिंग धरायची. पाऊल जेवढं रुतेल, तेवढा उलटा जोर.

५ किलोचा रोबो उभा असताना फार तर ०.१ मिलिमीटर रुतावा, असं ठरवू. त्याचं वजन ५० न्यूटन धरलं, तर स्प्रिंग मीटरला ५ लाख न्यूटन एवढी कडक हवी. मग ५ मिलिमीटर रुतल्यावर ती २५०० न्यूटननं, म्हणजे अडीचशे किलोच्या वजनाएवढ्या जोरानं वर ढकलते, आणि तेही पुढचं चित्र येईपर्यंत पूर्ण ५ मिलिसेकंद. गणित करून बघा: १ मीटर वेगानं खाली आलेला रोबो जवळपास दीड मीटर वेगानं वर उडतो. ५ सेंटिमीटरवरून सोडला तर उसळी १० सेंटिमीटरची. फुकटची ऊर्जा! चित्रं पन्नासपट दाट केली तर हा चमत्कार संपतो, पण हिशेबही पन्नासपट वाढतो. चांगली फिजिक्स इंजिनं, म्हणजे सिम्युलेटरमधला हा हिशेब करणारे प्रोग्राम, वेगळ्या युक्त्या वापरतात, पण तिथेही कुठेतरी तडजोड असतेच.

शिकणाऱ्या प्रोग्रामला 'पुढे गेलास की गुण' एवढंच सांगितलेलं. त्याला जमिनीतली ही भोकं सापडतात. नीट पाहिलं तर पडद्यावर आमच्या पोराचा रोबो पाऊल टाकतच नव्हता. तळवे थरथरवून फुकटच्या ऊर्जेवर पुढे घसरत होता. याला कुणी हुशारी म्हणेल, पण पाणी उताराला लागतं, तसंच हे.

शिवाय सिम्युलेटरमध्ये नीट न उतरणाऱ्या गोष्टी: घर्षण, गिअरमधला प्ले (दातांमधली ढिलाई), उतरत जाणारी बॅटरी. त्यात रोबोच्या पाठीला लिंबू-मिरची. "आईनं बांधलीय सर." आईला काय बोलणार? पण लिंबू-मिरचीनं घर्षण वाढत नाही. वाढलं ते पाठीवर पन्नासेक ग्रॅम वजन. तोल तेवढा मागे गेला, आणि सिम्युलेटरला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या फाउंड्रीवाल्यांना असला फरक नवा नाही. ओतलेलं बीड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, मुळातच तेवढा मोठा करतात. पण ते आक्रसणं दरवेळी जवळपास तेवढंच असतं. घर्षण फरशीवर एक, ओल्या फरशीवर दुसरं. मग भरपाई किती धरायची?

उत्तर उफराटं आहे: सिम्युलेटर अचूक करण्याऐवजी लहरी करायचा. संशोधक निक जाकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं, की सिम्युलेशनमध्ये योग्य प्रमाणात गोंधळ मिसळला तर तिथे शिकलेलं खऱ्या रोबोवर टिकतं. कमी मिसळला तरी बिघडतं, जास्त मिसळला तरी. २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंडच्या गटानं अर्ध्या मीटरच्या रोबोंचा एकास एक फुटबॉल जगासमोर मांडला, त्यातही हेच. शिकताना घर्षण बदलतं, आदेश उशिरा पोचतो, अंगावर कुठेतरी जादा वजन येतं. एवढं करूनही खऱ्या रोबोंचे गुडघे तुटत होते. मग गुडघ्यावर ताण आला की गुण कापायचे, असं ठरवावं लागलं.

पोरानं घर्षणाला एकच आकडा दिला होता: १. तो मी काढायला लावला. दर खेपेला ०.४ ते ०.९ मधला कुठलाही येऊ दे म्हटलं, आणि चित्रं दाट करायला सांगितली. पंधरा दिवसांनी परत आला. पडद्यावरचा रोबो आता म्हाताऱ्यासारखा चालत होता, पण फरशीवरचा नऊ पावलं टाकून मग पडला.

"लेले ग्राउंडवर नेऊ काय सर?"

बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब बाबा.