अनुरक्षणगृहाचा अर्ज: वाढदिवसाची वाट पाहू नका

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आधार देण्याची तरतूद बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये आहे. अनुरक्षणगृह (अशा मुलामुलींसाठीचे पुढचे वसतिगृह) किंवा सहा ते आठ जणांचा गटनिवास, शिक्षण-प्रशिक्षणाला मदत आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून दरमहा 4000 रुपये असे तिचे स्वरूप आहे. मदत 21 व्या वर्षापर्यंत मिळते, अपवाद म्हणून पुढे आणखी दोन वर्षे.

"18 ते 21" एवढेच वाचून अनेकजण निवांत राहतात, आणि घोळ तिथेच होतो. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) किंवा समाजसेवकाने मुलाचा पुढचा आराखडा बालकल्याण समितीसमोर, म्हणजे मुलांना संस्थेत ठेवण्याचा आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, ठेवायचा असतो. त्यावर समिती नमुना 37 मध्ये आदेश काढते, आणि त्या आदेशाशिवाय फाईल हलत नाही. म्हणून साडेसतरा झाले की मुलाने स्वतः बालगृहाच्या अधीक्षकांना विचारावे, "माझा आराखडा समितीकडे गेला का?" हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. बाहेर पडून खोली भाड्याने घेतल्यावर जुने कागद गोळा करत फिरणे फार जड जाते.

आई हयात आहे म्हणून मदत मिळणार नाही, हा गैरसमज आहे. इथे संस्थेत राहिल्याची नोंद पाहतात. अनाथ प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. ते अनाथांसाठीच्या एक टक्का आरक्षणासाठी लागते.

सगळ्यात जास्त अडते ते नावावर. शाळेच्या दाखल्यात वडिलांचे नाव कोरे, आधारवर "द्वारा अधीक्षक" आणि पासबुकावर तिसरेच काही. हे सतराव्या वर्षीच जुळवून घ्या, बायोमेट्रिकही अद्ययावत करा. बँकेचे खाते अधीक्षकांसोबत संयुक्त असेल तर अठरा पूर्ण होताच केवायसी करून ते स्वतःच्या एकट्याच्या नावावर घ्या आणि आधारशी जोडा. पैसे थेट खात्यात येतात, न जोडलेल्या खात्यात अडकतात.

बाकी कागद नेहमीचेच: समितीचा मूळ प्रवेश आदेश, जन्मतारखेचा पुरावा, गुणपत्रक किंवा प्रवेशाची पावती, फोटो. आदेशाच्या दोन झेरॉक्स जास्त ठेवा.

नाशिकमध्ये अर्ज नासर्डी पुलाजवळच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "फाईल पुढे गेली" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मुदतवाढ आपोआप मिळत नाही. ती हवी असेल तर 21 वे पूर्ण होण्याआधीच, शिक्षण सुरू असल्याच्या दाखल्यासह मागा.