आभा काढलं, पण कागद जोडला का?
डीएचआयएस (डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम) या सरकारी योजनेतल्या प्रोत्साहन रकमेबद्दल आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी

महिना संपला की आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टच्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो : "आम्ही एवढी आभा कार्डं (रुग्णाचा 14 आकडी डिजिटल आरोग्य क्रमांक) काढली, मग प्रोत्साहनाचा आकडा इतका कमी कसा?" डॉक्टर विचारतात, मॅनेजर विचारतात, हल्ली तुमचे सीएसुद्धा विचारतात. प्रत्येकाला फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून देत आहोत. हे पान रिसेप्शनच्या मंडळींना जरूर वाचायला द्या, कारण सगळा खेळ त्यांच्याच हातात आहे.

योजना तुम्हाला माहीतच आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ती 1 जानेवारी 2023पासून लागू केली. मूळ निकषांप्रमाणे रुग्णालयाला दर खाटेमागे महिन्याला 50 व्यवहारांचा टप्पा ओलांडावा लागतो आणि त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला 20 रुपये मिळतात. म्हणजे 20 खाटांच्या रुग्णालयाचे पहिले 1000 व्यवहार बिनपैशाचे. 1600 झाले, तर वरच्या 600चे 12,000 रुपये. चार कोटींचा आकडा बातमीत वाचून फोन करणाऱ्यांसाठी : ती कमाल मर्यादा आहे, हातात पडणारी रक्कम नव्हे. निकष आणि मुदत मधूनमधून बदलतात, त्यामुळे दावा भरण्याआधी चालू परिपत्रक आमच्याकडून तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. व्यवहार म्हणजे रुग्णाची डिजिटल नोंद (प्रिस्क्रिप्शन, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज समरी) तयार होऊन ती त्याच्या आभाला जोडली जाणं. 14 आकडी नंबर काढून दिला आणि पुढे काहीच जोडलं नाही, तर त्याचा व्यवहार होत नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या भेटीत. ओपीडी भरलेली, रांग दारापर्यंत. मागच्या वेळी ज्यांचं आभा काढलं त्या सुनीताबाई पुन्हा आल्या. काउंटरवर नावाने शोधलं, तर फाइल सापडत नाही, कारण मागच्या खेपेला स्पेलिंगमध्ये 'आय' होता आणि आता 'डबल ई' टाकला. मागे चार माणसं ताटकळलेली, म्हणून 'न्यू पेशंट' दाबून मोकळं. झाल्या बाईंच्या दोन फायली! एकीवर आभा आहे पण आजचा कागद नाही, दुसरीवर आजचे सगळे कागद आहेत पण आभा नाही. डॉक्टरांनी मनापासून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन त्या दुसऱ्या फायलीत पडून राहतं आणि आकड्यात धरलंच जात नाही.

या फायली एकत्र करायला आम्हाला वेळ का लागतो, हेही विचारलं जातं. नाव, जन्मसाल, लिंग, मोबाइल असं सगळं ताडून एकेक फाइल हाताने जुळवावी लागते. घाई केली, तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये दिसेल. तो धोका आम्ही पत्करणार नाही.

म्हणून शोध आधी मोबाइल नंबरने घ्या, नावाने नंतर. एका नंबरवर घरातली चार माणसं निघाली, तर जन्मसाल पाहा. आणि नंबर रुग्णाचाच हवा. ओटीपी यायला वेळ लागतो म्हणून रिसेप्शनवरच्या ताई स्वतःचा नंबर टाकतात, असं अनेक ठिकाणी दिसतं. मग रुग्णाचे निरोप त्यांच्या फोनवर जातात आणि पुढच्या वेळी त्याची फाइल सापडणं आणखी कठीण होतं.

"मागच्या महिन्याचं तुम्हीच बॅकएंडवरून जोडून टाका ना," असा आग्रह होतो. ते आम्ही करत नाही. आभा ऐच्छिक आहे, रुग्णाला न विचारता त्याच्या नावावर काही चिकटवणं बरोबर नाही. दुसरे करून देतात, असंही ऐकवलं जातं. देत असतील, पण दावा तपासणीत अडकला की सही तुमची असते. या योजनेत सॉफ्टवेअर कंपनीसाठीही वेगळा वाटा आहे, म्हणजे तुमचा आकडा वाढला तर चार पैसे आम्हालाही मिळतात. तरीही नाहीच म्हणतो.

खाटांची नोंदही एकदा पाहून घ्या. एचएफआरमध्ये (सरकारच्या हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत) ऐटीत 30 खाटा लिहिल्या आणि प्रत्यक्षात 20च असल्या, तर ओलांडायचा टप्पा 1000वरून 1500वर जातो. नोंदी सरकारकडे जातात का, हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. जात नाहीत. त्या तुमच्याच सिस्टिममध्ये राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आभाविना कागद' नावाचा रिपोर्ट आहे. ओपीडी संपल्यावर तो रोज उघडा. त्याच दिवशी दुरुस्ती पाच मिनिटांत होते, महिनाअखेरीला त्याच कामाला आठवडा जातो. रिसेप्शनवर नवीन माणूस आला की आम्हाला कळवा. तासाभराचं प्रशिक्षण एएमसीतच (वार्षिक देखभाल करारात) धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एएमसी संपलेल्यांनी आधी नूतनीकरणाचं बोलावं, ही विनंती.